कोठीच्या खोलीचा सुभा

मालमत्तेचे स्थावर आणि जंगम असे जे दोन वर्ग कायद्याने पाडले आहेत, त्यांपैकी कोणत्या वर्गात टेबलावरच्या संगणकाची गणना करावी, असा वाद कोणत्याही न्यायालयापुढे गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही. परंतु उद्या तो गेलाच, तर ज्याने हा संगणक एका खोलीतून उचलून दुसऱ्या खोलीत मांडण्याचा उद्योग आयुष्यात एकदा तरी केला आहे, असा कोणताही साक्षीदार शपथेवर सांगेल की, ही वस्तू विहीर, बांध आणि वहिवाटीची पायवाट यांच्याच पंक्तीला बसवण्याजोगी आहे. मोबाइल हा जातिवंत जंगम. लहरींचा दुष्काळ पडला की तो धन्याला बरोबर घेऊन मुलूख सोडतो. धनी कधी फणसाच्या झाडाखाली, कधी फाटकाच्या खांबापाशी, तर कधी न्हाणीघराच्या पायरीवर उभा राहून एक हात आकाशाकडे करतो, आणि जिथे ‘येतंय, येतंय’ असे उद्गार त्याच्या तोंडून निघतात तिथे तात्पुरती वसाहत करतो. टेबलावरचा संगणक असले स्थलांतर करीत नाही. त्याच्या पाठीमागे तारांचे जे जंजाळ असते, त्यातली कोणती तार कोणत्या भोकात जाते हे ज्याला ठाऊक तो मुलगा नोकरीनिमित्त पुण्यात असतो, हे एक कारण. आणि त्या टेबलाखाली वर्षानुवर्षे जे जे सरकवले गेले आहे ते पुन्हा उजेडात यावे अशी घरातल्या कोणाचीच इच्छा नसते, हे दुसरे. सबब, जायचे तर लहरींनी संगणकाकडे जावे; संगणक लहरींकडे जाणार नाही.

रत्नागिरी तालुक्यातले आमच्या काकांचे घर या सिद्धान्ताचे उदाहरण म्हणून घेण्यासारखे आहे. काका महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. परंतु ते निवृत्त झाले खात्यातून, महसुलातून नव्हे. घराच्या मागल्या अंगाला, खळ्याच्या पलीकडे, ज्या कोठीत एके काळी भाताच्या कणग्या आणि आंब्याच्या आढ्या असत, ती त्यांनी आपली कचेरी केली आहे. तिथे एक टेबल, एक हातांची खुर्ची, लाल फडक्यात बांधलेली दप्तरे आणि या सर्वांच्या मधोमध तो संगणक. कलमांचा हिशेब, पेट्यांची रवानगी, दलालांकडची येणी आणि गावातल्या निम्म्या लोकांच्या जमिनींची उठाठेव तिथून चालते. पूर्वी सातबाऱ्याचा उतारा हवा असला तर तलाठ्याची वाट पाहावी लागे, आता तो घरबसल्या पडद्यावर दिसतो, हे काकांच्या मते स्वराज्याचे सर्वांत ठळक फलित. आणि तो ओटीवर बसलेल्या नातवाच्या मोबाइलवर दिसतो, पण कोठीत बसलेल्या अव्वल कारकुनाला दिसत नाही, हा त्यांच्या मते त्याच स्वराज्यातला सर्वांत ठळक अन्याय.

अन्यायाचे मूळ असे की, राउटर ओटीवर आहे. तो तिथेच का, याला शास्त्राधार नाही. रस्त्यावरच्या खांबावरून फायबरची तार आली, जी भिंत तिला प्रथम भेटली त्या भिंतीला तंत्रज्ञाने भोक पाडले, भोकापासून हाताच्या अंतरावर एक कोनाडा होता त्यात तो डबा ठेवला, आणि डब्यासमोर उभे राहून स्वतःच्या मोबाइलवरच्या सगळ्या दांड्या दाखवत ‘काका, सिग्नल फुल आहे’ असे प्रशस्तिपत्र देऊन तो निघून गेला. राजधान्यांच्या जागा पुष्कळदा अशाच ठरतात, आणि एकदा ठरल्या की त्यांच्याभोवती हितसंबंध उत्पन्न होतात. कोनाड्यात पूर्वीपासून असलेली समई आणि दोन पितळी तांबे काकूंनी डब्याच्या पुढ्यात मांडले. धूळ बसू नये म्हणून क्रोशाची एक टोपी विणून त्याला घातली. आणि ओटीवरच्या टीव्हीवरच्या मालिका त्या डब्यातूनच येतात असे कळल्यावर त्याच्या जागेविषयीचा प्रश्न घरातल्या घरात न्यायप्रविष्ट मानण्यात येऊ लागला.

‘अगो, डबा माजघरात आणला तर मधोमध येईल,’ असे काका एकदा म्हणून पाहते झाले.

‘आणा की,’ काकू म्हणाल्या, ‘आणि टीव्ही तुमच्या कोठीत नेऊन ठेवा. सगळे जण तिथेच बसू. कणग्यांवर.’

काकांनी तो ठराव मागे घेतला.

आता ओटीपासून कोठीपर्यंतचा प्रदेश पाहावा. ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, मग खळे, आणि त्यापलीकडे, पोफळींच्या सावलीत, कोठी. पायांना हे अंतर अगदी किरकोळ. काकूंची हाक ते लीलया ओलांडते. परंतु लहरींना दार, दिंडी किंवा व्हरांडा यांचे सोयरसुतक नसते; त्या मुख्यतः सरळ रेषेत निघतात, आणि राउटरपासून संगणकापर्यंत ओढलेली सरळ रेषा या घराच्या प्रत्येक भिंतीला तिरपी छेदीत जाते. तिरपी गेल्यामुळे हातभर जाडीची भिंत तिच्या वाट्याला प्रत्यक्षात दीड हात येते. भिंती चिऱ्याच्या. जांभा हा दगड लोहाच्या संयुगांमुळे तांबडा असतो हे शाळेत शिकलेले असल्याने, त्यातले लोखंड लहरींना अडवते असे काकांचे प्रथमपासूनचे प्रतिपादन. वस्तुतः ते लोखंड गंजरूपाने असते, धातूच्या पत्र्यासारखे नव्हे, आणि खरी अडचण येते ती भिंतीच्या जाडीची आणि तिच्यात मुरलेल्या ओलाव्याची. जांभा सच्छिद्र; मृगापासून आश्विनापर्यंत तो पाणी पीत असतो, आणि पाणी हे या लहरींना फार आवडीने गिळते. त्यामुळे काकांच्या कचेरीत वैशाखात जे थोडेफार झिरपत असे ते श्रावणात सर्वस्वी बंद होई. रेव्हेन्यू खात्यात पावसाळ्यात वसुली तहकूब ठेवण्याची जी वहिवाट, तिच्याशी हे सुसंगत असल्याने काकांनी पहिला पावसाळा तक्रारीविना काढला.

या डब्याच्या सामर्थ्याविषयी लोकांत फार अवास्तव कल्पना आहेत. ज्याला आपण शून्याचा दिवा म्हणतो, तो जुन्या तऱ्हेचा दिवासुद्धा दहा-पंधरा वॅट खात असे. घरगुती राउटर हवेत जी शक्ती सोडतो ती सर्वसाधारणपणे एका वॅटच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. एवढ्या बळावर त्याने ओटी उजळावी, माजघर कसेबसे धरावे आणि देवघराच्या उंबऱ्याशी मान टाकावी, यात त्याला दोष देता येत नाही. शिवाय हा व्यवहार दुतर्फी असतो, ही गोष्ट ‘फुल सिग्नल’वाले सोयीस्कररीत्या विसरतात. दांड्या दाखवतात त्या आपल्याला दरबारचे फर्मान किती स्पष्ट ऐकू येते एवढेच. आपला अर्ज दरबारापर्यंत पोहोचतो की नाही याविषयी दांड्या मौन पाळतात. काका म्हणतात की, मुंबईच्या सचिवालयाशी त्यांचा पत्रव्यवहार आयुष्यभर याच तत्त्वावर चालला.

सरकारने मात्र या बाबतीत अनपेक्षित उदारपणा दाखवला आहे. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्यावाचून असले यंत्र नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरवला होता; रेडिओ ऐकायचा तर पोस्टातून वार्षिक परवाना घ्यावा लागे, आणि काकांच्या वडिलांचे ते परवान्याचे पुस्तक, त्यावरच्या तिकिटांसह, आजही कोठीतल्या एका दप्तरात आहे. रेडिओचा परवाना १९८० च्या दशकात गेला, आणि २००५ साली केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत परवानामुक्त केला. म्हणजे आता आपल्या ओटीवरून आपल्या कोठीत संदेश धाडण्यास दिल्लीची हरकत नाही. हरकत फक्त घरातल्यांची.

मी उत्साहाच्या भरात काकांना जगदीशचंद्र बोसांची गोष्ट सांगितली. १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी बिनतारी लहरी मधल्या भिंतींच्या पलीकडे पाठवल्या, दूरच्या खोलीतली घंटा वाजवून दाखवली आणि बंदुकीच्या दारूचा स्फोटही करून दाखवला. काकांनी सर्व ऐकून घेतले.

‘त्या भिंती चिऱ्याच्या नसतील,’ ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, ‘आणि मधे देवघर नसेल.’

देवघराचा हा उल्लेख निष्कारण नव्हता, कारण यानंतर घरात रिपीटर आला. केंद्रसत्ता स्वतः हलत नसेल तर तिने दूरच्या प्रांतावर सुभेदार नेमावा, ही राज्यशास्त्रातली जुनी युक्ती. रिपीटर हा तो सुभेदार. राउटरकडून ऐकावे आणि तेच पुढे ओरडून सांगावे, एवढेच त्याचे काम. तो कुठे बसवावा याविषयी मात्र जवळजवळ सगळे जग चुकते: जिथे लहर पोहोचत नाही तिथेच, म्हणजे दूरच्या संगणकाच्या अगदी शेजारी, लोक त्याला खोचतात, आणि मग ज्याला स्वतःला काहीच ऐकू येत नाही तो माणूस ते काहीच-नसणे मोठ्या आवाजात जाहीर करीत बसतो. त्याच्या संगणकावर दांड्या पाचही आणि नेट शून्य, असा तो प्रकार. रिपीटरला मध्यावर बसवावे लागते, जिथे त्याला मूळ आवाज पुरेसा स्वच्छ ऐकू येईल. आणि काकांच्या घराचा मध्य, मोजपट्टीने पाहता, देवघरातल्या त्या सॉकेटपाशी निघाला जिथून गणपतीत दिव्यांची माळ लावतात.

काकूंनी प्रथम सोवळ्याचा मुद्दा काढला. प्लॅस्टिकला विटाळ नसतो, हे काकांचे उत्तर त्यांनी मान्य केले, परंतु रात्रंदिवस मिचमिचणारा निळा दिवा देवापुढे ठेवायला त्यांची तयारी नव्हती. अखेर त्या दिव्यावर जास्वंदीचे एक फूल ठेवावे अशी तडजोड झाली, आणि ते फूल रोज बदलले जाऊ लागल्यामुळे रिपीटरची पूजा घरातल्या काही प्राचीन देवतांपेक्षाही नियमित होऊ लागली. एकादष्णीला आलेल्या गुरुजींनी आवर्तने संपल्यावर त्याच्याकडे निरखून पाहिले. हे कोणते दैवत, असे ते विचारतील अशा अपेक्षेने काका उत्तर जुळवीत होते. गुरुजींनी पासवर्ड विचारला.

कोठीत नेट आले. परंतु ते निम्मे आले. ज्या रिपीटरला एकच कान-तोंड असते, त्याला एकाच वाहिनीवर आधी ऐकावे आणि मग तेच पुन्हा बोलावे लागते. तो बोलत असताना ऐकू शकत नाही, आणि ऐकत असताना बोलू शकत नाही, यामुळे ओटीवर जो वेग असेल त्याचा सुमारे अर्धाच पुढे जातो. काकांनी हे कळल्यावर तत्काळ महसुली भाषेत मांडले. बाळाजी विश्वनाथाने १७१९ साली दिल्लीहून ज्या सनदा आणल्या त्यांत चौथाई म्हणजे शेकडा २५ आणि सरदेशमुखी म्हणजे शेकडा १०, असे मिळून ३५ होतात, आणि तेवढ्यावर इतिहासकारांनी मराठ्यांना कायकाय विशेषणे लावली. हा भिंतीत खोचलेला गृहस्थ शेकडा ५० मधल्यामध्ये कापतो आणि त्याला वर रोज फूल वाहावे लागते.

तेवढ्यावरही भागले असते, पण स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह होता. हे अवजार अन्न तापवण्यासाठी ज्या लहरी वापरते त्या २.४५ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे नेमक्या आपल्या राउटरच्याच पट्ट्यातल्या. फरक एवढाच की राउटर त्या चिमूटभर सोडतो आणि भट्टीच्या पोटात त्या शेकडो वॅटच्या हिशेबाने उसळत असतात. त्यातल्या नगण्य अंशाने दाराच्या फटीतून बाहेर डोकावले, तरी देवघरातून कोठीकडे निघालेला अशक्त जासूद जागीच गारद होतो. काकूंना पापड त्यातच भाजायची सवय. परिणामी बारा ते एक या वेळात काकांचा दलालाशी चाललेला व्यवहार मध्येच तुटे, आणि दलाल ते भावाबद्दलचे रुसणे समजून पेटीमागे काही रुपये वाढवून देई. हा एक पक्ष सोडला तर व्यवस्था असमाधानकारक होती. या पट्ट्याऐवजी ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा, असे पुण्याच्या चिरंजीवांनी फोनवरून सुचवले. त्याला पापडाचे भय नाही हे खरे, परंतु त्याच्या लहरींची लांबी २.४ च्या लहरींच्या निम्म्याहून कमी, आणि भिंतीपुढे त्यांचा धीरही त्याच मानाने कमी. तो सुभेदार माजघरातच राहिला.

मग जो तो वैद्य झाला. कोणी राउटरच्या शिंगांची दिशा बदलायला सांगितले. त्यात तथ्यांश आहे: उभ्या शिंगातून लहरी मुख्यतः आडव्या पसरतात, आणि शिंग ज्या दिशेने रोखावे त्या दिशेला त्या सर्वांत कमी जातात, हे ठाऊक नसल्यामुळे ती शिंगे कोठीच्या रोखाने भाल्यासारखी ताणून ठेवणाऱ्यांच्या पदरी उलट निराशाच येते. समोरची समई आणि पितळी तांबे बाजूला केल्यास बरे, हेही शास्त्रशुद्ध होते, आणि समई पुढच्या गुरुवारपर्यंत बाजूला राहिलीही. कोणी संगणकाच्या पाठीमागे खोचलेला छोटा डोंगल लांब तारेने पुढे आणून खिडकीत टांगायला सांगितले. लोखंडी पेटीच्या मागे तोंड भिंतीकडे करून बसलेल्यास ऐकू कसे येणार, हा त्यातला मुद्दा बिनतोड होता आणि त्याने किंचित गुणही आला. घरातल्या विजेच्या तारांमधूनच नेट नेणारी एक जोडगोळी मिळते, तीही आणून पाहिली. पण विहिरीवरच्या पंपासाठी घरात तीन फेजची वीज, ओटी एका फेजवर आणि कोठी दुसऱ्या, शिवाय पंप सुरू झाला की तारांमध्ये जी खळबळ उडे तीत कोणाचे कोणास ऐकू येत नसे. शिंपणे आणि सातबारा ही दोन्ही कामे एकाच वेळी करता येणार नाहीत, असे दिसल्यावर जोडगोळी परत गेली. सगळ्या घरभर एकमेकांशी बोलणारे डबे मांडण्याची मेश नावाची पद्धत चिरंजीवांच्या मते सर्वोत्तम होती. किंमत ऐकून काकांनी अष्टप्रधान मंडळ पोसण्याइतका आपला मुलूख मोठा नाही, असे कळवले.

या विद्येचा इतिहास सांगून मी काकांचे सांत्वन करू पाहत होतो. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅम्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या बेटांवरची यंत्रे बिनतारी लहरींनी होनोलुलूच्या मुख्य संगणकाला जोडली. मधे प्रशांत महासागर. सर्वांना वाहिनी एकच. दोन यंत्रे एकदम बोलली आणि बोलणे एकमेकांत मिसळले, तर दोघांनीही गप्प बसावे, आपापल्या मनाप्रमाणे थोडा थोडा वेळ थांबावे आणि पुन्हा बोलावे, असा त्यांनी नियम केला. हा नियम यंत्रांनी पाळला. आमच्या घराण्यात, विशेषतः वाटपाच्या वेळी, तो माणसांनी पाळला असता तर दिवाणी न्यायालयाचे बरेच काम हलके झाले असते. परंतु काकांचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीने वेधले. महासागर ओलांडण्याच्या या युक्तीवरून स्फूर्ती घेऊन रॉबर्ट मेटकाफने १९७३ साली जे इथरनेट रचले, ते बिनतारी नव्हतेच: त्याने ती युक्ती उचलली आणि तारेत घातली.

‘म्हणजे समुद्र ओलांडून झाल्यावर शहाण्या माणसाने तारच घातली,’ काका म्हणाले. ‘उद्या वायरमनला बोलाव.’

वायरमन आला. या गृहस्थाविषयी माझे मत फार चांगले आहे. आजवर आलेल्या सल्लागारांपैकी भिंतीवर थाप मारून पाहणारा हा पहिलाच. त्याने सांगितले की, कॅट सिक्स नावाची केबल शंभर मीटरपर्यंत बिनतक्रार चालते आणि इथे त्याच्या निम्मीही लागणार नाही. ती ओटीच्या आढ्यावरून, माळ्यातून, मागच्या पडवीच्या वाशाला धरून न्यायची, आणि खळ्यातून जाताना जमिनीखाली पाइपात घालायची, नाहीतर घुशी आहेतच. भोक एकाच भिंतीला, कोठीच्या. इतके दिवस लहरींनी डोके आपटूनही जे साधले नव्हते, ते ड्रिलच्या एका बोटभर भोकाने साधणार, हे ऐकून काका भोकाची जागा दाखवायला जातीने उठले.

केबलीच्या टोकाला क्लिप बसवण्याचा विधी पाहण्यासारखा असतो. आत आठ तारा, दोन दोन अशा पिळलेल्या चार जोड्या. त्या उलगडून ठरलेल्या रंगक्रमाने शेजारी शेजारी लावायच्या आणि पकडीने दाबायच्या. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. वायरमन हे पुटपुटत असताना काकांनी ते पाढ्यासारखे पाठ केले आणि लगेच त्यातली विसंगती शोधून काढली: बाकीची जोडपी शेजारी शेजारी नांदत असताना हिरव्या जोडप्याच्या मध्ये निळे जोडपे घुसले आहे. हे अतिक्रमण कोणाच्या परवानगीने? खरे कारण असे की, टेलिफोनच्या जुन्या तऱ्हेत मधल्या दोन जागा टेलिफोनच्या जोडीच्या असत, आणि नव्या रचनेत त्या जागांना धक्का न लावता बाकीच्या जोड्या आजूबाजूला बसवल्या गेल्या. ‘म्हणजे जुनी कुळे,’ काका म्हणाले. ‘मग हलवता येणार नाहीत.’ कूळकायद्याशी हयात घालवलेल्या माणसाला याहून अधिक स्पष्टीकरण लागत नाही.

एक अट वायरमनने घातली. तांब्याची तार एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत नेली की जवळपास पडणारी वीज तिच्यातून दोन्ही टोकांच्या यंत्रांना भाजू शकते, आणि कोकणात मृगाच्या तोंडावर आणि हस्ताच्या शेवटी विजांचा सुकाळ. तेव्हा गडगडाट ऐकू आला की दोन्ही बाजूंचे प्लग आणि केबल काढून ठेवायची. ओटीवरच्या टोकाची जबाबदारी काकूंनी घेतली. त्या वेळी या कलमाकडे कोणाचे विशेष लक्ष गेले नाही.

केबल संगणकात खोचताच ओटीवरचा सगळा वेग कोठीत जसाच्या तसा, दस्तुरी न कापता, दाखल झाला. प्रकरण इथे निकालात निघावे. परंतु चिरंजीवांचा एक जुना राउटर अडगळीत होता, आणि तो केबलीच्या टोकाला लावला तर कोठीतही मोबाइल चालतील, असे चिरंजीवांनीच सुचवले. त्यासाठी फोनवरून दोन गोष्टी कसोशीने करवून घेतल्या. एक, नव्या राउटरचा स्वतःचा पत्ता बदलणे, कारण दोघेही १९२.१६८.१.१ याच गादीवर बसून होते. दुसरी, घरातल्या यंत्रांना पत्ते वाटण्याचा त्याचा अधिकार काढून घेणे. दोन कचेऱ्यांतून एकाच गावठाणाचे प्लॉट वाटले की काय होते हे काकांना सांगावे लागले नाही. तिसरी गोष्ट चिरंजीवांनी नुसती सुचवली: दोन्ही राउटरांना नाव आणि परवलीचा शब्द एकच द्यावा, म्हणजे माणूस ओटीवरून कोठीत गेला तरी त्याचा मोबाइल आपोआप इकडून तिकडे जाईल.

ही तिसरी गोष्ट काकांनी केली नाही. त्यांनी नव्या राउटरला वेगळे नाव दिले, वेगळा परवलीचा शब्द दिला, आणि तो कोणालाही सांगितला नाही.

दख्खनचा सुभेदार निजाम-उल्-मुल्क याने १७२४ साली साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर हेच केले होते. नाव बादशहाचे, नाणे बादशहाचे, आणि अंमल स्वतःचा. कोठीतला राउटर नवा नसला तरी त्याच्यावर टीव्हीचा, मालिकांचा आणि पापडांचा भार नसल्याने तिथला वेग ओटीपेक्षा सरस निघाला. सुटीला आलेली नातवंडे खळ्यातल्या पोफळीला टेकून काकांच्या नावाची लहर नुसती पाहत बसू लागली, आणि ज्याला ती हवी असेल त्याने कारण नमूद करून अर्ज करावा, असे काकांनी जाहीर केले. अर्ज आलेही. एकावर मी स्वतः लाल शाईचा शेरा पाहिला आहे: ‘खेळाचे प्रयोजन अमान्य. फेटाळण्यात येत आहे.’ काकूंनी अर्ज केला नाही. त्यांनी जावयांचा व्हिडिओ कॉल कोठीत बसून घेऊ द्यावा, एवढेच तोंडी विचारले. आणि तोंडी अर्जाची दखल घेण्याची तरतूद नाही, असे उत्तर मिळाल्यावर त्या काही न बोलता ओटीवर गेल्या.

त्यानंतर थोड्याच वेळात कोठीतले नेट बंद पडले.

‘अहो, आभाळ गडगडतंय,’ ओटीवरून आवाज आला. ‘वायरमन म्हणाला होता ना, काढून ठेवायचं. ठेवलं काढून.’

पौष महिना होता आणि आकाशात औषधाला ढग नव्हता. परंतु तो प्लग ज्यांच्या ताब्यात दिला होता त्यांचा गडगडाटाविषयीचा निर्णय अंतिम राहील, असे काकांनीच त्या वेळी कबूल केलेले. वाटाघाटी सुरू झाल्या. मी दोन्ही बाजूंचे खलिते पोहोचवले. काका व्हिडिओ कॉलला परवानगी द्यायला तयार झाले, शब्द सांगायला मात्र नाही. काकू प्लग लावायला तयार झाल्या, पण आभाळाची हमी देईनात. ही बोलणी चहापर्यंत लांबली, आणि तेवढ्यात धाकट्या नातवाने परस्पर प्रकरण निकालात काढले. प्लग लागेपर्यंत त्याने ओटीवरच्या नेटवर गावाचा सातबारा उघडला, आजोबा ज्या एका बांधासाठी सबंध आयुष्य भांडले त्या जमिनीचा गट क्रमांक आणि हिस्सा क्रमांक पाहिला, आणि दोन्ही जोडून कोठीच्या राउटरला सांगितले. राउटरने त्याला आत घेतले.

काकांनी शब्द बदलला आहे. गावात गट पुष्कळ असले तरी काकांचे वाद मोजकेच, त्यामुळे नातू आता एकेक फेरफार वाचीत बसला आहे, आणि काकू दर अर्ध्या तासाने ओटीच्या पायरीवर येऊन आभाळाकडे पाहून जातात.